गाळलेलं वाक्य

मागच्या वर्षी जूनमध्ये, एका शनिवारी सकाळी मला लिंक्डइनवर एक मेसेज आला. पाठवणाऱ्याला मी ओळखत नव्हतो. नागपूरचा मुलगा, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. मेसेज मराठीत होता, पण इंग्रजी लिपीत. त्याचा मतितार्थ असा : ‘सर, तुमची इंडेक्सवाली पोस्ट वाचून काल संध्याकाळी आमच्या प्रॉडक्शन डेटाबेसवर तेच केलं. 26 मिनिटं बुकिंग बंद पडलं. सोमवारी मॅनेजरला लेखी द्यायचंय. माझं नेमकं काय चुकलं ते सांगाल का?’

त्याची कंपनी बसची तिकिटं ऑनलाइन विकते. त्यात शुक्रवारची संध्याकाळ. पुढचं सांगायला नको.

त्याचं काय चुकलं ते मला मेसेज वाचता वाचताच कळलं, कारण तीच चूक मी त्याच्या पाच महिने आधी केली होती. फक्त पोस्टमध्ये लिहिली नव्हती.

हा लेख त्या न लिहिलेल्या वाक्याबद्दल आहे. आणि ज्या लेखनप्रकारात असं वाक्य आपोआप गळून पडतं, त्या प्रकाराबद्दलही. तज्ज्ञ म्हणून नाव व्हावं आणि त्या नावावर कामं मिळावीत म्हणून माझ्यासारखे कितीतरी लोक रोज काही ना काही लिहीत असतात. ‘पर्सनल ब्रँड’ उभारणं म्हणतात त्याला. या लेखनाला कोणी साहित्य म्हणत नाही, त्यामुळे त्याची समीक्षाही होत नाही. पण मी स्वतः दिवसभरात कथा-कवितांपेक्षा हेच जास्त वाचतो, आणि माझ्या मित्रांचंही फार वेगळं नाही. मग त्याच्याकडे एकदा मजकूर म्हणून नीट बघायला काय हरकत आहे? सुरुवात स्वतःच्याच पोस्टपासून करतो.

नमुना

मूळ पोस्ट इंग्रजीत होती. मराठीत साधारण अशी :

‘एक क्वेरी. 38 सेकंद.
क्लायंट वैतागलेला. टीमने नवा सर्व्हर घ्यायचं ठरवलेलं.
मी म्हटलं, मला एक दिवस द्या.
एक इंडेक्स टाकला. 38 सेकंदांचे 0.2 सेकंद झाले.
नव्या सर्व्हरचा खर्च : शून्य.
धडा : हार्डवेअर विकत घेण्याआधी आपला डेटा समजून घ्या.
तुमच्या सिस्टिममध्ये अशी कोणती क्वेरी लपली आहे?’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. 38 सेकंद खरे, 0.2 खरे, न घेतलेला सर्व्हरही खरा. पुण्यातल्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचं काम होतं. मी नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांच्या ऑर्डरींच्या टेबलमध्ये चार कोटींच्या आसपास ओळी होत्या आणि एखाद्या दुकानदाराच्या जुन्या ऑर्डरी काढायच्या म्हटलं की सिस्टिम त्या सगळ्या ओळी चाळत बसायची.

इंडेक्स म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जाड पुस्तकाच्या शेवटी जी सूची असते, तीच. सूची असली की पान शोधायला पुस्तक पहिल्यापासून चाळावं लागत नाही. पण सूची बनवत असताना कोणीतरी त्याच पुस्तकात नवी पानं लिहीत बसलं, तर सूची चुकणार. म्हणून पोस्टग्रेस हा डेटाबेस, तुम्ही त्याला इंडेक्स बनवायची साधी आज्ञा दिलीत, तर तेवढा वेळ वाचणाऱ्यांना वाचू देतो आणि लिहिणाऱ्यांना थांबवून ठेवतो. लिहिणाऱ्यांना न थांबवता सूची बनवायची असेल, तर आज्ञेत ‘कन्करन्टली’ हा एक जास्तीचा शब्द घालावा लागतो.

मी तो घातला नाही. दुपारचे अडीच वाजले होते. 9 मिनिटं त्या व्यापाऱ्याकडे जुन्या ऑर्डरी दिसत होत्या आणि नव्या पडत नव्हत्या. गोडाऊनमधल्या लोकांना वाटलं, नेट गेलं. मी खुर्चीत बसून घामाघूम. मध्येच रद्द करावं, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. शेवटी इंडेक्स तयार झाला, तुंबलेल्या ऑर्डरी धडाधड आत गेल्या आणि मला कोणी काही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही.

आठ दिवसांनी पोस्ट लिहिली. तिला 2,300 लाइक मिळाले, चौकशीचे तीन मेसेज आले आणि त्यातून मुंबईचा एक चांगला क्लायंट मिळाला. पुढचे चार महिने माझं घरभाडं त्या सात ओळींनी भरलं, असं म्हटलं तरी चालेल.

या प्रकाराची रचना

अशा पोस्ट खूप वाचल्या की त्यांचा साचा दिसायला लागतो. पहिल्या दोन-तीन ओळींनंतर लिंक्डइन मजकूर दुमडतं आणि पुढचं वाचायला दुवा देतं. त्यामुळे पहिल्या ओळींचं काम एकच : बोट त्या दुव्यावर आणणं. म्हणून आकडा, म्हणून तुटक वाक्यं, म्हणून संकट. मग ‘मी’ येतो. मग एकच कृती. एकच, कारण दोन कृती असल्या तर कोणत्या कृतीने काम झालं, हा प्रश्न उरतो. मग निकाल, पुन्हा आकड्यात. मग धडा, जो कुठल्याही धंद्याला लागू पडेल इतका मोठा हवा. आणि शेवटी वाचकाला प्रश्न, म्हणजे खाली कमेंट पडतात.

घट्ट साचा असणं हा काही दोष नाही. आपल्या ओवीलाही साचा आहे आणि पोवाड्यालाही. प्रश्न असा आहे की या साच्यात काय बसू शकतं आणि काय बसूच शकत नाही.

मी नंतर एक प्रयोग केला. ते गाळलेलं वाक्य जागेवर बसवून पाहिलं. ‘एक इंडेक्स टाकला. 9 मिनिटं नव्या ऑर्डरी बंद पडल्या. 38 सेकंदांचे 0.2 सेकंद झाले.’ आता पोस्ट मोडते. ‘मला एक दिवस द्या’ म्हणणारा तो शांत माणूस मोडतो. धडाही मोडतो. आता खरा धडा असा होतो : ‘चालू टेबलवर इंडेक्स टाकताना कन्करन्टली वापरा, आणि तरीही गर्दीची वेळ टाळा.’ हा उपयोगाचा धडा आहे, पण तो फक्त डेटाबेसवाल्यांच्या उपयोगाचा. कंपनीच्या मालकाने तो वाचला, तर त्याच्या मनात एवढंच राहील की हा माणूस आला की धंदा बंद पडू शकतो.

इथे मला या प्रकाराची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसली. अशा पोस्टला दोन वाचक असतात. समोर दाखवलेला वाचक म्हणजे आपल्याच धंद्यातला, शिकू पाहणारा माणूस. ‘धडा’ हा शब्द त्याच्यासाठी. आणि खरा वाचक म्हणजे ज्याच्या खिशात पैसे आहेत तो. पोस्ट शिकवण्याचा आव आणते, पण तिला शिकवायचं नसतं. शिकवताना दिसायचं असतं. नागपूरच्या मुलाची चूक असलीच तर एवढीच की त्याने तो आव खरा मानला. पोस्टवर लिहिलं होतं ‘धडा’, त्याने धडा घेतला.

कोणी म्हणेल, हल्ली तर लोक अपयशाबद्दलही लिहितात. लिहितात खरं. नोकरी गेली, स्टार्टअप बुडालं, मुलाखतीत नापास झालो. पण त्या पोस्टमध्ये अपयश नेहमी संपलेलं असतं आणि त्याची भरपाईही झालेली असते. आज सकाळी चुकलेलं, अजून निस्तरायचं असलेलं, ज्याचा भुर्दंड दुसऱ्या कोणाला बसला असं अपयश मला त्या प्रकारात जवळजवळ सापडत नाही. पडलेला माणूस तिथे उठून, अंग झाडून, केस विंचरूनच आपल्यासमोर येतो.

हे कुठून आलं?

लिंक्डइन यायच्या आधीच या प्रकाराचा पाया घातला गेला होता. 1997 च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या अंकात ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकन मासिकाने टॉम पीटर्स यांचा ‘द ब्रँड कॉल्ड यू’ हा लेख छापला. म्हणणं थोडक्यात असं : तुम्ही कोणाचे नोकर नाही, तुम्ही ‘मी’ नावाच्या कंपनीचे मुख्य अधिकारी आहात. मोठे ब्रँड स्वतःबद्दल जे प्रश्न विचारतात, तेच तुम्ही स्वतःबद्दल विचारा. तुमचं वेगळेपण 15 किंवा त्याहून कमी शब्दांत सांगा. लोकांना दिसत राहा : जोडकाम घ्या, कुठेतरी शिकवा, स्थानिक वर्तमानपत्रात सदर लिहा, चर्चासत्रांत बोला.

लेख आज वाचताना दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे त्यातली ऊर्जा खरी आहे. एका कंपनीत चिकटलं की निवृत्तीपर्यंत चिंता नाही, ही समजूत तोवर अमेरिकेत मोडून पडली होती. अशा वेळी ‘तुमचं नाव तुमच्यासोबत जातं’ असं सांगणं म्हणजे धीर देणंही होतं. नोकरी सोडली त्या महिन्यात मी हा लेख वाचला तेव्हा मलाही धीर आला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यात दिसण्याबद्दल जितक्या नेमक्या, लगेच करता येतील अशा सूचना आहेत, तितक्या ‘मी म्हणतोय ते बरोबर आहे हे तपासायचं कसं’ याबद्दल नाहीत. साबणाच्या ब्रँडला ते चालतं. साबण वाईट निघाला तर गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात दुसरा घेतं. सल्ला वाईट निघाला तर?

याचं उत्तर पीटर्स यांच्याच कारकिर्दीत सापडतं. मॅकिन्झीत असताना त्यांनी रॉबर्ट वॉटरमन यांच्यासोबत ‘इन सर्च ऑफ एक्सलन्स’ हे पुस्तक लिहायला घेतलं, ते 1982 साली आलं आणि तुफान खपलं. उत्तम कंपन्या कशामुळे उत्तम होतात, याचे धडे त्यात होते. दोनच वर्षांनी ‘बिझनेस वीक’ने त्यातल्या बऱ्याच कंपन्या आता अडचणीत असल्याची मुखपृष्ठकथा केली, मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत ‘ऊप्स!’ असा उद्गार होता. त्याने पीटर्स यांच्या नावाला फारसा धक्का लागला नाही. ते जगभर व्याख्यानं देत राहिले. धडा चुकला तरी धडा देणारा टिकतो, हे ब्रँडचं बळ म्हणायचं की रोग, हे तुम्हीच ठरवा.

‘काम बोलेल’ हेही खरं नाही

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग गप्प बसून काम करावं माणसाने. माझे वडील हेच म्हणतात. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं कधीच उडून गेलीत आणि त्यांनी ती पुन्हा रंगवलेली नाहीत. ‘काम चोख कर, माणसं आपोआप येतात,’ हे त्यांचं मार्केटिंग. स्वतःची तारीफ स्वतः करणं त्यांना असभ्य वाटतं, आणि त्यात ते एकटे नाहीत. दासबोधातल्या मूर्खलक्षणांच्या समासात आत्मस्तुती करणाऱ्याला समर्थांनीही जागा दिलेली आहे. दुसऱ्या बाजूला आपल्याकडेच असंही म्हणतात की बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. आम्ही या दोन टोकांमध्ये वाढलो.

मला बरीच वर्षं वाटायचं की वडिलांचं बरोबर आणि आमचं जगच थिल्लर. आता तसं वाटत नाही. त्यांचं काम बोलतं, कारण त्याला बोलायची सोय आहे. शेतकरी जळालेली मोटार आणतो, भरून नेतो, विहिरीवर बसवतो. पाणी आलं तर आलं. आठ दिवसांत पुन्हा जळाली तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. माझं काम गोपनीयतेच्या कराराखाली, कोणाच्या तरी लॉगिनमागे असतं. बरं, ते क्लायंटला दिसलं तरी कळेलच असं नाही. मी केलेली डेटाबेसची मांडणी बरोबर होती की नाही, हे कदाचित दोन वर्षांनी, ग्राहक दहापट झाल्यावर समजेल. कदाचित कधीच समजणार नाही.

मायकल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थतज्ज्ञांनी 1973 मध्ये अशा सेवांवर एक निबंध लिहिला होता. काही वस्तूंचा दर्जा घेण्याआधी पाहून कळतो, काहींचा वापरून कळतो. पण काही गोष्टी अशा असतात की त्यांचा दर्जा वापरूनही गिऱ्हाइकाला नीट कळत नाही, किंवा कळून घ्यायचा खर्च परवडत नाही. तिथे विश्वासावरच चालतं. निबंधाचं शीर्षक होतं ‘मुक्त स्पर्धा आणि फसवणुकीचं इष्टतम प्रमाण’. आमच्या धंद्याचं चरित्र लिहिलं तर हे नाव शोभेल.

जुन्या पेशांना हा प्रश्न आधीपासून माहीत होता. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करून कामं मागता येत नाहीत. त्यांच्या नावाची पाटीसुद्धा वाजवी आकाराची असावी, असं त्या नियमात आहे. डॉक्टरांच्या वर्तनाचे 2002 चे नियमही रुग्णांना जाहिरातीने ओढण्याला अनैतिक मानतात. हे नियम किती पाळले जातात, तो वेगळा विषय. पण त्यामागचा व्यवहार समजण्यासारखा आहे : तुझी पात्रता आम्ही तपासतो, सनद आम्ही देतो, त्या बदल्यात तू स्वतःचे ढोल वाजवायचे नाहीत.

आमच्याकडे सनद नाही आणि ढोलांवर बंदीही नाही. माझ्याकडे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी आहे, पण तिच्यात पोस्टग्रेसचा ‘प’सुद्धा नव्हता. उद्या कोणीही स्वतःच्या नावाखाली ‘डेटाबेस तज्ज्ञ’ असं लिहू शकतं. मीही लिहिलं होतं. त्यामुळे आमची पोस्ट म्हणजे एकाच कागदावर सनद आणि जाहिरात, आणि दोन्हींवर सही आमचीच. हा प्रकार जन्माला आला, कारण त्याची गरज आहे. म्हणून त्याला नुसतं हसून भागत नाही. त्यात चांगलं काय आणि वाईट काय, हे वेगळं करता यायला हवं.

त्याच विषयावरचे दुसरे मजकूर

माझ्या पोस्टशेजारी पोस्टग्रेसचं अधिकृत मॅन्युअल ठेवा. ‘क्रिएट इंडेक्स’चं पान. त्यावर लेखकाचं नाव नाही. सुरुवातीला आकडा नाही, संकट नाही, शेवटी प्रश्न तर नाहीच. तिथे कोरडेपणाने लिहिलंय की नेहमीच्या पद्धतीने इंडेक्स बनवताना टेबलवरचं लिखाण थांबतं. मोठ्या टेबलला तासन्‌तास लागू शकतात आणि चालू सिस्टिमला हे परवडणारं नसतं. मग कन्करन्टली हा पर्याय. आणि लगेच त्या पर्यायाची किंमत : टेबल दोनदा चाळावं लागतं, जुने व्यवहार संपायची वाट पाहावी लागते, एकूण वेळ बराच जास्त लागतो.

हे पान वाचायला कंटाळवाणं आहे. पण त्याचा आणि माझ्या पोस्टचा फरक फक्त कंटाळ्याचा नाही. मॅन्युअलमध्ये प्रत्येक ‘हे करा’च्या मागे एक ‘पण’ आहे. माझ्या पोस्टमध्ये एकही ‘पण’ नव्हता. इंडेक्स टाकला की क्वेरी वेगाने चालते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. केव्हा टाकायचा नाही, कसा टाकायचा नाही, टाकल्यावर काय बिघडू शकतं, यासाठी लोक अनुभवी माणसाला पैसे देतात. म्हणजे मी गाळलं तेच वाक्य तज्ज्ञतेचं होतं. उरलेली सात वाक्यं कोणीही लिहू शकलं असतं.

पण मॅन्युअल हे कोणा एकाचं नाव करत नाही, ते कामं मिळवून देत नाही, असं म्हणाल. ठीक. दुसरं उदाहरण घेऊ.

31 जानेवारी 2017. गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, दमलेल्या अवस्थेत, चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची फाइल-फोल्डरं उडवली. तोही पोस्टग्रेसच होता. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबींपैकी 4.5 जीबी शिल्लक होते. बॅकअप घेणाऱ्या यंत्रणा पाहिल्या, तर एकामागून एक निकामी निघाल्या. शेवटी सहा तास आधी योगायोगाने हाताने घेतलेली एक प्रत कामी आली. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच.

गिटलॅबने काय केलं? दुरुस्ती चालू असतानाच आपल्या नोंदी सगळ्यांना वाचायला खुल्या केल्या, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण लावलं आणि दहा दिवसांनी सविस्तर अहवाल छापला. त्यात चूक करणाऱ्याचं नाव नाही, त्याला खलनायकही केलेलं नाही. कोणता बॅकअप का चालत नव्हता, आणि तो चालत नाही हे सांगणारे ईमेल कोणाला का मिळत नव्हते, हे सगळं आहे. तो अहवाल मी आजवर चार वेळा वाचलाय. 2021 मध्ये ही कंपनी नॅसडॅकवर आली. अहवालामुळे आली, असं मी म्हणणार नाही. तो हिशोब कोणालाच मांडता येणार नाही. पण इतकी मोठी चूक इतकी उघडी मांडूनही कंपनी बुडाली नाही, एवढं नक्की.

कंपनीकडे पैसा असतो, एकट्या माणसाचं काय? तर तिसरं उदाहरण पॅट्रिक मॅकेन्झी. जपानमध्ये नोकरी करत असताना त्यांनी 2006 मध्ये शिक्षकांसाठी बिंगोची कार्डं बनवायचं एक छोटं सॉफ्टवेअर विकायला काढलं आणि त्याच्या विक्रीचे, खर्चाचे आकडे उघड लिहायला सुरुवात केली. सणांच्या दिवसांत विक्री चढते, शाळांना सुट्टी लागली की पडते, हे वाचकाला दिसायचं. बिंगोकार्डांत कोणाला रस असणार? पण त्या लेखनामुळे सॉफ्टवेअर कंपन्या त्यांना सल्लागार म्हणून बोलावू लागल्या. 2011 मधला त्यांचा ‘स्वतःला प्रोग्रॅमर म्हणू नका’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख आमच्या धंद्यात खूप वाचला गेला. तुम्ही कोणती भाषा लिहिता ते सांगू नका, तुमच्यामुळे किती पैसे आले किंवा वाचले ते सांगा, हा त्याचा गाभा.

या लेखाशी माझं थोडं भांडण आहे. ‘किती पैसे वाचले’ हा सल्ला मुळातून उचलून, बाकीचं सोडून, आमच्या पिढीने ‘नव्या सर्व्हरचा खर्च : शून्य’ अशी वाक्यं बनवली. त्यातलं एक माझंच. पण मॅकेन्झी हे वाक्य म्हणू शकत होते, कारण त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचे उघडे हिशोब होते. कोणीही जाऊन बघावं आणि म्हणावं, इथे तुमचं चुकलंय. आम्ही वाक्य घेतलं आणि वही घरीच ठेवली.

या तीन मजकुरांत मला एकच गोष्ट समान दिसते. ते खोटे ठरू शकतात. मॅन्युअलमधलं विधान कोणीही दहा मिनिटांत तपासून पाहू शकतं. गिटलॅबच्या नोंदी, मॅकेन्झींचे आकडे, यांना धरून भांडता येतं. ‘हार्डवेअर विकत घेण्याआधी आपला डेटा समजून घ्या’ हे कोण खोटं ठरवणार? ते इतकं गुळगुळीत आहे की त्याला हातच लागत नाही. तज्ज्ञाच्या शब्दाला किंमत येते ती तो चुकीचा ठरण्याची जोखीम घेतो म्हणून. आणि ब्रँडच्या पोस्टचं सगळं कसब ती जोखीम काढून टाकण्यात खर्च होतं.

सोमवारच्या आधी

त्या शनिवारी मी नागपूरच्या मुलाला फोन केला. त्याला आधी वाटलं, मी रागावणार. मी त्याला माझी 9 मिनिटं सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, ‘सर, मग हे पोस्टमध्ये का नव्हतं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, या लेखात लिहिलंय तेवढं सगळं. पण सोमवारी ज्याला लेखी द्यायचंय, त्याला शनिवारी दुपारी हे काय सांगणार?

आम्ही दोघांनी मिळून त्याचा अहवाल लिहिला. कारणांच्या रकान्यात मी माझ्या पोस्टची लिंक घालायला सांगितली आणि ‘पोस्टमध्ये आवश्यक इशारा दिलेला नाही’ असं लिहायला सांगितलं. तो नको म्हणत होता. पण खरं कारण तेच होतं, आणि ते लिहिलं नसतं तर सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आलं असतं. माझं नाव दुसऱ्या कंपनीच्या कागदावर पहिल्यांदा गेलं ते असं.

मंगळवारी मी औषधांच्या व्यापाऱ्यांकडे गेलो आणि जानेवारीतल्या त्या दुपारबद्दल सांगितलं. ते म्हणाले, ‘अहो, त्या दिवशी आम्ही नेटवाल्याला शिव्या घातल्या होत्या!’ मग हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, ‘पुढच्या वेळी आधी सांगा.’ काम चालू आहे. मुंबईच्या क्लायंटलाही सांगितलं, कारण तो त्याच पोस्टमुळे आला होता. त्यांनी ऐकून घेतलं, त्या महिन्याचे पैसे वेळेवर दिले आणि पुढचं काम दिलं नाही. दोन्हींचा संबंध असेल, नसेलही.

जुन्या पोस्टमध्ये मी ते वाक्य घातलं. दुरुस्त केलेली पोस्ट कोणी पुन्हा वाचत नाही, म्हणून नवी पोस्टही लिहिली, 9 मिनिटांसकट. तिला 41 लाइक मिळाले. चौकशी एकही नाही.

हा लेखही एका अर्थी तोच प्रकार आहे, हे मला कळतं. प्रामाणिक माणूस म्हणून माझं नाव व्हावं, असा मोह यात नसेलच असं नाही. त्यावर उपाय म्हणून मी एवढंच करतो : काही लिहिलं की प्रसिद्ध करण्याआधी स्वतःला विचारतो, कोणी हे वाचून उद्या तसंच केलं, तर त्याला आणखी काय माहीत असायला हवं? उत्तर मिळालं की ते लिहितो. साचा मोडला तर मोडू देतो.

ऑगस्टमध्ये नागपूरहून पुन्हा मेसेज आला. नोकरी शाबूत होती. त्याने आता कन्करन्टली वापरून इंडेक्स टाकला होता, रात्री अडीच वाजता. तो मध्येच फसला, तेव्हा त्याला कळलं की अशा वेळी अर्धवट, निकामी इंडेक्स टेबलवर तसाच राहतो. तो क्वेरीच्या कामाचा नसतो, पण प्रत्येक लिखाणाचा वेळ मात्र खात राहतो. तो हाताने काढावा लागतो. हेही मॅन्युअलच्या त्याच पानावर लिहिलेलं आहे. मी वाचलेलंही होतं.

‘सर,’ त्याने पुढे लिहिलं होतं, ‘हे तुमच्या दुरुस्त केलेल्या पोस्टमध्येही नाहीये.’

त्या रात्री तेही वाक्य घातलं.